रॉटरडॅमहून सारायेव्होपर्यंत

युरोपला जाऊन आलो असे सांगितले की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "खाण्याचं काय केलंत?" दुसरा येतो, "नमाजचं कसं जमवलंत?" आणि तिसरा, जरा आवाज खाली करून, "खर्च किती आला?" तिसऱ्याचे उत्तर माझ्या मुलाला विचारा, तिकीट त्याने काढले. पहिल्या दोन्हींची उत्तरे ओघात येतीलच. पण मी काही युरोप बघायला म्हणून गेलो नव्हतो. मी एका जुन्या दोस्ताला भेटायला गेलो होतो, आणि त्याचे एक पत्र, जे त्रेचाळीस वर्षे माझ्या ट्रंकेत पडून होते, ते त्याला परत द्यायला.

दोस्ताचे नाव लिहीत नाही, त्याला ते आवडणार नाही. जहाजावर तो चीफ इंजिनीअर होता, तेव्हापासून सगळे त्याला चीफच म्हणतात. आम्ही दोघे वाशिष्ठीच्या खाडीकाठचे. एका बाकावर बसून शाळा शिकलो. मी गावातच मास्तर झालो, तो दर्यावर गेला. आमच्या भागात घरटी एक माणूस जहाजावर असतो, त्यात नवल नव्हते. नवल झाले ते १९८१ साली. चीफने रॉटरडॅमला निकाह केल्याची बातमी आली आणि "गोऱ्या मडमेला घरात घेतलं" एवढेच मोहल्ल्यात पसरले. ती मडम बोस्नियातल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुसलमान घरातली होती. इस्पितळात नर्स होती. इंजिनरूममध्ये चीफचा हात भाजला तेव्हा मलमपट्टी करायला आली होती. हे कुणाला माहीत नव्हते. मला माहीत होते.

भाभी तीन वर्षांपूर्वी अल्लाहच्या रहमतीत गेल्या. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना सारायेव्होत, माहेरच्या माणसांशेजारी दफन केले. चीफचे बायपास झालेले, गुडघे गेलेले. त्याचा फोन आला, "बकरी ईद कर आणि ये. तुझ्या भाभीच्या कबरीवर जायचंय. विमानाने नाही, दर उन्हाळ्यात आम्ही दोघं जमिनीवरून जायचो तसंच. सोबतीला माणूस पाहिजे. पोरांना सुट्टी नाही." माझ्या पत्नीने शेजारी उभे राहून सगळे ऐकले. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "जा. आणि ट्रंकेतलं ते घेऊन जा." तिच्यापासून मी काही लपवले नव्हते, ते एक बरे केले होते.

२०२४ ची बकरी ईद १७ जूनला झाली आणि त्याच आठवड्यात मी निघालो. बॅगेत आमसुले, सुकट आणि घरचा मसाला. हापूस नेता येत नाही. मांसाचे आणि दुधाचे पदार्थ तर मुळीच चालत नाहीत, तेव्हा मिठाईचा मोह आवरावा. सुकट चालते, पण सात पदरी बांधा. माझी पाच पदरी होती, आणि विमानतळावरच्या पट्ट्यावर माझी बॅग कुठली हे मला डोळे मिटूनही सांगता आले असते. चीफ काठी टेकत आला, मिठी मारली आणि म्हणाला, "आणलीस!" मी काय आणले ते त्याला वासावरूनच कळले होते. दुसरे काय आणले होते ते कळले नव्हते.

रॉटरडॅमबद्दल एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. हॉलंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जुनी घरे आणि कालवे येतात, पण या शहराचा जुना मध्यभाग जवळजवळ उरलेलाच नाही. १४ मे १९४० रोजी जर्मन विमानांनी तो काही मिनिटांत जाळून टाकला. जुने मोठे चर्च तेवढे भाजलेल्या भिंतींनिशी उभे राहिले, ते पुढे दुरुस्त केले. बाकी सगळे शहर नवे, काचेचे, वाकड्यातिकड्या आकारांचे. चीफला ते फार आवडते. "इथे कुणाचंच जुनं घर नाही, म्हणून मलाही परकं वाटलं नाही," असे तो म्हणतो.

खाण्याचे म्हणाल तर काही अडचण नाही. तुर्की आणि मोरोक्कोच्या लोकांची हलाल मांसाची दुकाने जागोजागी आहेत. एके दुपारी चीफने मला रोटीच्या दुकानात नेले. दुकानदारीणबाई सावळी, सत्तरीची, आणि बोलत होती भोजपुरीसारखे काहीतरी. ती सुरिनामची. दक्षिण अमेरिकेतल्या या डच वसाहतीत १८७३ साली लल्ला रूख नावाच्या जहाजातून पहिले हिंदुस्थानी मजूर उतरले. त्यांची नातवंडे-पतवंडे पुढे हॉलंडला आली. मी मोडक्या हिंदीत बोललो, तिने आपल्या सरनामीत उत्तर दिले, आणि दोघांचे मिळून एक जेवण व्यवस्थित मागवून झाले. बटाटा, कोंबडी आणि वाल रोटीत गुंडाळून खाताना चीफ म्हणाला, "तुझी भाभी दर शनिवारी इथे यायची. म्हणायची, तुझ्या घरच्या जेवणाच्या सगळ्यात जवळचं हेच."

घरी भाभींच्या खोलीत विणकामाची टोपली तशीच होती, सुया लोकरीत खुपसलेल्या. मी त्या रात्री पत्र देणार होतो. दिले नाही.

आता नमाजविषयी. जूनमध्ये रॉटरडॅमला सूर्य रात्री दहा वाजून गेल्यावर मावळतो. मग इशा कधी? तिथे उन्हाळ्यात सूर्य क्षितिजाखाली फार खोल उतरतच नाही, उत्तरेला रात्रभर फिकट उजेड राहतो. इशासाठी जो पुरता अंधार आपण धरतो तो त्या दिवसांत होत नाही, आणि तीन वाजत नाहीत तोच फजरची चाहूल. म्हणून मशिदी आपापल्या उलेमांच्या सल्ल्याने वेळा ठरवतात. कुठे मगरिबनंतर ठराविक अवधीने इशा, कुठे दोन्ही एकत्र. मी मुसाफिर, त्यात आम्ही कोकणी लोक शाफई, प्रवासात कसर करायची आणि दोन नमाजा जमा करायची सवलत आम्हाला आहे, तिचा मी पुरेपूर फायदा घेतला. दिशेचीही गंमत. जन्मभर पश्चिमेला तोंड करून उभा राहिलेला माणूस मी. तिथे किबला आग्नेयेला. पहिले दोन दिवस हॉटेलात नव्हे, चीफच्या घरातही मी सवयीने चुकीच्या भिंतीकडे तोंड करत होतो.

शहराच्या दक्षिण भागात एस्सलाम ही मोठी मशीद आहे, २०१० साली उघडलेली, पन्नास मीटरचे दोन मिनार. तिथे मोरोक्कोचे लोक जास्त, त्यामुळे सफेत कुणी मालिकी पद्धतीने हात खाली सोडून उभा, कुणी तुर्क नाभीखाली हात बांधून, आणि मध्ये मी. कुणी कुणाकडे बघत नव्हते. गावाकडे एवढ्यावरून किती बैठका झाल्या असत्या, असे मनात आले.

२८ जूनला, जुम्म्याच्या दिवशी, पहाटेच्या गाडीने आम्ही जर्मनीतल्या कोलोनला गेलो. युरोपची फुटबॉल स्पर्धा चालू होती, स्टेशन निरनिराळ्या देशांच्या झेंड्यांनी भरलेले. बाहेर पाऊल टाकताच समोर ते प्रचंड चर्च, १२४८ साली बांधायला घेतलेले आणि १८८० साली पुरे झालेले. मधली कित्येक शतके काम बंद होते आणि अर्ध्या बांधलेल्या मनोऱ्यावर लाकडी क्रेन तशीच उभी होती म्हणतात. एखादे काम अर्धवट टाकून माणूस किती काळ जगू शकतो, त्याचे माझ्यापाशी माझे स्वतःचे उदाहरण होते. पण खिशातला लिफाफा मी बाहेर काढला नाही.

जुम्मा एरनफेल्ड भागातल्या मध्यवर्ती मशिदीत पढलो. पाउल ब्योम या वास्तुकाराने ती बांधली. त्याचे वडील चर्च बांधण्यासाठी नावाजलेले. उघडलेल्या कळीच्या पाकळ्यांसारख्या काँक्रीटच्या भिंती, मध्ये काच, त्यामुळे आतला माणूस बाहेरच्या रस्त्याला दिसतो आणि रस्ता आतल्याला. ऑक्टोबर २०२२ पासून इथे जुम्म्याची अजान भोंग्यावरून देण्याची परवानगी आहे, काही मिनिटे, ठरलेल्या मर्यादेत. आम्ही मुद्दाम बाहेर थांबून ऐकली. आपल्याकडच्या मानाने आवाज इतका हळू की ट्राम गेली तेव्हा दोन ओळी बुडाल्या. तरी चीफ टोपी काढून पुन्हा घालत राहिला. "१९७५ साली आम्ही एका गोदामात चटया टाकून जुम्मा पढायचो," एवढेच म्हणाला.

रात्रीच्या गाडीने व्हिएन्ना. बर्थवर झोप चांगली लागली, फजर गाडीतच बसून पढली. व्हिएन्नाबद्दल फार लिहीत नाही. राजवाडे आहेत, ते चित्रांत दिसतात तसेच आहेत. दोन गोष्टी मात्र मला नव्या होत्या. ऑस्ट्रियाने १९१२ साली कायदा करून इस्लामला मान्यता दिली, कारण बोस्निया त्या साम्राज्यात आला होता आणि बोस्नियाचे मुसलमान त्याच्या फौजेत होते. म्हणजे आपल्या आजोबांच्या काळात युरोपच्या मध्यभागी हे झालेले. आणि लष्करी संग्रहालयात ती मोटार आहे, जिच्यात युवराज फ्रान्झ फर्डिनांडला सारायेव्होत गोळी लागली आणि पहिले महायुद्ध पेटले. ती घटना २८ जून १९१४ ची. आम्ही मोटारीसमोर उभे होतो तेव्हा आदल्याच दिवशी तिला ११० वर्षे झाली होती. चीफने मोटारीचे इंजिन कसे असेल यावर दहा मिनिटे व्याख्यान दिले. मग म्हणाला, "चल, आता ती जिथून आली तिथे जाऊ."

व्हिएन्नाहून सारायेव्होला रात्रीच्या बसेस जातात. प्रवासी बहुतेक बोस्नियाचे, ऑस्ट्रियात कामाला असलेले, सुट्टीला घरी निघालेले. आपल्या गणपतीच्या आणि ईदच्या एसटी आठवा, तेच वातावरण. पायांत पिशव्या, मांडीवर मुले, डब्यांची देवाणघेवाण. चीफला त्यांची भाषा येते, तासाभरात त्याला तीन ठिकाणी जेवणाची आमंत्रणे मिळाली. स्लोव्हेनिया कधी आला आणि गेला कळले नाही. क्रोएशियात झाग्रेबचे दिवे दिसले. खरी थांबाथांब रात्री दोनच्या सुमारास सावा नदीवर झाली. नदीच्या अलीकडे क्रोएशिया, पलीकडे बोस्निया, मध्ये पूल, आणि पुलावर बसेसची रांग. (माझ्या पासपोर्टवर अनेक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा होता, त्यावर बोस्नियात शिरता येते. जाणाऱ्यांनी व्हिसा मागतानाच ही काळजी घ्यावी आणि वकिलातीत विचारूनही घ्यावे.)

इंजिन बंद, दिवे मंद. चीफ खिडकीतून नदीकडे बघत म्हणाला, "दर वर्षी आमची गाडी याच रांगेत असायची. तुझी भाभी विचारायची, तुझ्या गावाला जातानाही असाच पूल लागतो का? मी म्हणायचो, पूल नाही, तर आहे. तरीत बसून खाडी ओलांडायची. ती म्हणायची, बरं झालं, तर पुलासारखी तोडता येत नाही. तेव्हा इथले पूल तुटले होते." थोड्या वेळाने म्हणाला, "तिला ती तर दाखवायची राहिली."

मी खिशातून लिफाफा काढला आणि त्याच्या हातात दिला.

वाचकांना आता सांगितले पाहिजे. १९८१ च्या पावसाळ्यात चीफचे माझ्या नावे पत्र आले. आत अम्मासाठी तीन पाने होती. अम्माला वाचता येत नव्हते, तेव्हा मास्तराने वाचून दाखवावीत असे त्याने लिहिले होते. मी गेलो तेव्हा त्याचे चाचा ओटीवर बसलेले. चाचा जमातीचे अध्यक्ष, आणि माझ्या बहिणीचे त्यांच्या घरात बोलणे चाललेले. पहिले पान मी वाचले, त्यात तब्येत, पगार आणि निकाह झाल्याचे होते. चाचा म्हणाले, "पुरे, मास्तर. मडमेचं कौतुक आम्हाला नको." मी पाने मिटली. अम्मा दारामागे उभ्या होत्या. मी निघताना त्यांनी हळूच विचारले, "एवढंच होतं?"

मी म्हणालो, "एवढंच."

दुसऱ्या पानावर भाभी कोण, कुठल्या, त्यांचे वडील कसे पाच वेळांचे नमाजी, हे होते. तिसऱ्यावर होते की डिसेंबरात दोघेही येऊ इच्छितो, अम्माने फक्त 'या' एवढा शब्द पाठवावा. उत्तर आले नाही तर अम्माला नको आहे असे समजेन. उत्तर कुठून जाणार? माझ्या बहिणीचे लग्न चाचांच्या घरात झाले, ती सुखात आहे. चीफच्या अम्मा १९८८ साली वारल्या. मयतीला तो पोचू शकला नाही. पुढे दोनदा गावी आला, एकटाच, लॉजवर उतरला. थोरली बहीण, जिला आम्ही सगळे बुबू म्हणतो, तिने त्याला तोंडावर विचारले, "अम्मा तुझं नाव घेत गेली, तेव्हा तू कुठे होतास?" तो काही न बोलता निघून गेला. त्याला वाटत होते दार घरच्यांनी लावले. घरच्यांना वाटत होते त्याने लावले. मी रोज त्या घरावरून शाळेत जात होतो.

बसच्या अपुऱ्या उजेडात चीफने स्वतःच्या तरुण अक्षरातली तीन पाने वाचली. मी जे सांगायचे ते सांगितले, फार नव्हते. तेवढ्यात सीमेवरचा अधिकारी आत चढला. चीफने घाईने पाने पासपोर्टात ठेवून पासपोर्ट दिला. अधिकाऱ्याने पाने काढून, उलटसुलट बघून, अदबीने परत केली. पूल ओलांडल्यावर उजाडू लागले. बस थांबली तिथे गवतावर आम्ही फजर पढली, तो पुढे, मी त्याच्या मागे. सलाम फेरल्यावर त्याने माझ्याकडे बघितले नाही.

सारायेव्होत उतरलो ते भाभींच्या धाकट्या बहिणीकडे. शहर लांबट दरीत, मधून छोटी नदी, आणि दोन्ही अंगांच्या डोंगरांवर लाल कौलांची घरे. कौले बघून मला रडू आले, म्हटले हे तर कोकण. वस्तीला तिथे 'महाला' म्हणतात. दुकानाला 'दुचान', साबणाला 'सापुन', साखरेला 'शेचेर', संदुकीला 'सांदुक', बक्षिसाला 'बक्शिश'. ही यादी मी वहीत लिहून आणली आहे, साठ शब्द झाले. तुर्कांनी फार्सी-अरबी शब्द तिकडे नेले, आपल्याकडे आदिलशाही-निजामशाहीने आणले, आणि चार हजार मैलांवरच्या अंगणात मी आणि ती बाई साबण-साखरेवर बोलत बसलो. मयत माणसाला ते 'रहमेतली' म्हणतात. आपण मरहूम म्हणतो तसे. निरोप घेताना 'अल्लाहइमानेत', म्हणजे अल्लाहच्या अमानतीत.

कॉफी लांब दांड्याच्या तांब्याच्या भांड्यात येते, सोबत बिनकानाची छोटी कपटी, तिला 'फिल्जान'. साखरेचा खडा कॉफीत बुडवून चावायचा आणि वर घोट घ्यायचा. घाई केली तर वाईट दिसते. त्या दोन दिवसांत चीफ माझ्याशी एवढेच बोलला, "कॉफी घे," आणि "चप्पल तिकडे."

म्हणून मी एकटाच फिरलो. जुन्या बाजारपेठेत, बाशचारशियात, गाझी हुसरेव बेगची मशीद आहे, १५३१ सालची. अंगणात कारंजे, तिथे वुजू करायचा, पाणी बर्फासारखे. तिथले लोक हनफी. फजरच्या दुसऱ्या रकातीत रुकूनंतर माझे हात सवयीने कुनूतसाठी वर गेले आणि इमाम साहेब तोवर सजद्यात. शेजारच्या म्हाताऱ्याने नमाज झाल्यावर हसून माझ्या खांद्यावर थोपटले.

मशिदीजवळ एक घड्याळाचा मनोरा आहे, त्याच्यापुढे मी रोज जाऊन उभा राहिलो. ते घड्याळ आपल्या वेळेवर चालत नाही. सूर्य मावळला की त्यात बारा वाजतात, म्हणजे मगरिबला दिवस संपतो आणि नवा सुरू होतो. सूर्यास्त रोज मागेपुढे होतो, म्हणून एक माणूस वर चढून काटे नीट लावत राहतो. ही जबाबदारी असणाऱ्याला मुवेक्कित म्हणतात. माझ्या मनगटावरच्या घड्याळात रात्रीचे साडेआठ आणि त्यात बारा. जगात सारी घड्याळे एक झाली तरी एका मनोऱ्यासाठी कुणीतरी जिना चढतो, ही गोष्ट मला फार भावली.

एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६, १४२५ दिवस या शहराला वेढा होता. सभोवारच्या डोंगरांवरून तोफा आणि नेमबाज. आजही फुटपाथवर तोफगोळ्यांचे ओरखडे दिसतात, काही ठिकाणी त्यांत लाल राळ भरली आहे. लोक त्यांना गुलाब म्हणतात आणि त्यांवर पाय देत नाहीत. मोठे ग्रंथालय ऑगस्ट १९९२ मध्ये पेटवले गेले, पुस्तकांची राख शहरभर उडाली. इमारत आता पुन्हा उभी आहे. भाभींचे भाऊ वेढ्यात पाणी आणायला गेले ते परतले नाहीत. भाभी तेव्हा रॉटरडॅमला, इकडचे टेलिफोन बंद. चीफच्या मेव्हणीने हे सांगितले, चीफने मराठीत मला समजावले. दोन दिवसांतले त्याचे ते पहिले लांब बोलणे, तेही दुसऱ्याचे.

तिसऱ्या दिवशी कबरस्तानात गेलो. डोंगरउतारावर पांढरे उभे दगड, कितीतरी दगडांवर शेवटचे साल एकच, १९९२ किंवा १९९३. भाभींच्या कबरीवर गवत कापलेले, गुलाबाचे झुडूप. एका बाजूला भाऊ, एका बाजूला आई, पायथ्याशी वडील. मध्ये एक जागा रिकामी. मी यासीन पढलो. चीफ दगडाला हात लावून उभा होता. मग रिकाम्या जागेकडे काठी करून म्हणाला, "ही माझी. हॉलंडमध्ये कबर बहुतेक मुदतीची असते, मुदत संपली की पुन्हा पैसे भरायचे. पोरं भरतील, नातवंडांचं काय सांगावं? आणि गावात..." तो थांबला. "इथे बरं. सगळी सासुरवाडी. मेल्यावरही घरजावई." तो हसला आणि हसता हसता खाली बसला.

मी त्याच्याजवळ बसलो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "सात वर्षं मी अम्मावर रागावून होतो रे. काही चूक नसलेल्या बाईवर." मी माफी मागितली. ती त्याने दिली की नाही, मला सांगता येणार नाही. त्याने खिशातून ती तीन पाने काढून मला परत दिली आणि म्हणाला, "अम्मा गेली. ही पण गेली. बुबू आहे. तिला वाचून दाखव. सगळं."

दुसऱ्या दिवशी त्याला न्यायला मुलगा विमानाने आला, मी इस्तंबूलमार्गे मुंबईला. विमानतळावर चीफने मला मिठी मारली, अल्लाहइमानेत म्हणाला, आणि सुकट संपली की पुन्हा ये, असेही म्हणाला.

बुबू आता चिपळूणला मुलीकडे असतात, ऐकू थोडे कमी येते. जुलैतला पाऊस कौलांवर असा कोसळत होता की मला ओरडून वाचावे लागले. पहिले पान, मग दुसरे, मग तिसरे. मुलगी दारात येऊन उभी राहिली. तिसऱ्या पानाच्या शेवटी बुबूंसाठी दोन ओळी होत्या, की भावजयीने तुमच्यासाठी लोकरीची शाल विणायला घेतली आहे, कोकणात तिचे काय करणार असे तिला विचारले तर हसते. ते वाचून झाल्यावर बुबूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मास्तर, तुम्ही शिकलेले," एवढेच म्हणाल्या आणि पुढे बोलल्या नाहीत. मी मान खाली घालून बसलो. मग त्यांनी मुलीला सांगितले, "लाव त्याला फोन."

तिथे सकाळचे अकरा वाजले असतील. पडद्यावर चीफ दिसला, टोपी नाही, दाढी न केलेला. दोघे भाऊबहीण एकमेकांकडे बघत राहिले. बुबू म्हणाल्या, "किती म्हातारा झालास रे." आणि लगेच, "माझी शाल कुठाय?"

पलीकडून काही आवाज आला नाही. मला वाटले फोन तुटला. मग चीफ म्हणाला, "कपाटात आहे."